चार नंबरचं यंत्र

१ एप्रिल, बुधवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी विचारलं की पद्मजाबाई, दीड महिना काय केलंत, तर दाखवायला काहीतरी हवं. आमच्या समितीची स्मरणशक्ती फक्त दुसऱ्यांच्या चुकांपुरती चांगली आहे.

सकाळी बैठक झाली. अध्यक्ष गोपाळकृष्ण सरांनी गेल्या मे महिन्यातली ती तक्रार पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. नागपूरच्या एक बाई आमच्या हत्तीखान्यात चक्कर येऊन पडल्या होत्या. नागपूरच्या! जिथे माणसं पंचेचाळीस अंशात निवांत पापड वाळवतात, तिथल्या बाईंना पुण्यानं आडवं केलं. सरांना बाईंपेक्षा या गोष्टीची लाज जास्त वाटते.

हत्तीखाना म्हणजे काय, तर चार उंच दगडी भिंती, मधे फरसबंद अंगण, अंगणाच्या मधोमध हत्तीवर चढायचा चौथरा आणि एका कडेला कोरडा हौद. झाड एकही नाही. हत्तींनीच खाल्लं असणार. सकाळी अकराला फरशी तापायला लागते ती संध्याकाळी सातला हात लावला तरी गरम असते. मी इथे व्यवस्थापक होऊन सहा वर्षं झाली, आणि सहाही वर्षं मी हेच सांगते आहे.

सर म्हणाले, "पंधरा मेपर्यंत आतला उन्हाळा आटोक्यात आणा. नाही जमलं तर दर एप्रिल-मे हत्तीखाना बंद. आणि बंदच ठेवायचा तर माहिती सांगायला माणूस तरी कशाला? लोक मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकतील."

माहिती सांगणारा माणूस म्हणजे आमचे सर्जेराव. फुरसुंगीचे, वय त्रेसष्ट. खाकी टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात लाकडी अंकुश. एकोणीस वर्षं दिवसाला आठ-आठ फेऱ्यांत तोच इतिहास सांगतात आणि दर वेळी हत्ती आत्ताच बाहेर गेल्यासारखा सांगतात. घरी खायला कमी नाही, मुलगा कमावता आहे. पण त्यांना घरी बसवलं तर ते महिनाभरही टिकणार नाहीत, असं त्यांची बायकोच म्हणते. मलाही तसंच वाटतं. त्यांची जागा जाऊ द्यायची नाही, मग त्यासाठी मला ऊन मुठीत धरावं लागलं तरी चालेल.

३ एप्रिल

तापमान मोजायची सहा यंत्रं आली. काडेपेटीएवढी, पांढरी, समोर छोटा पडदा, वर अडकवायला कडी. दर दहा मिनिटांनी आकडा नोंदवतात. संध्याकाळी संगणकाला जोडली की दिवसभराचा आलेख समोर. आता बोलू देत कुणी "आमच्या वेळी एवढं ऊन नव्हतं." आकडे दाखवीन.

जागा ठरवल्या. एक दरवाजात, दोन आणि तीन भिंतींच्या कडेला, चार हौदाजवळच्या खांबावर सावलीच्या बाजूला, पाच ओवरीत, सहा तिकीट खिडकीजवळ. सकाळी लावायचं आणि संध्याकाळी काढून आणायचं काम सर्जेरावांकडे दिलं. पहिल्याच दिवशी एका सहलीतल्या कार्ट्यांनी चार नंबर खांबावरून काढून हौदात टाकलं. दुपारी परत तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर्जेरावांना म्हटलं, "बाकीचं जाऊ दे, पण चार नंबर काहीही करून हरवू देऊ नका. मोजून सहाच मिळालीत."

म्हणाले, "जिवापाड जपतो मॅडम."

८ एप्रिल

चार नंबर बिघडलेलं आहे. बाकी सगळी एकोणचाळीस-चाळीस दाखवतात आणि हे दिवटं सेहेचाळीस. त्यातही धड नाही. चढतं, मधेच उतरतं, परत चढतं. दीडला एकदम बत्तीसवर येतं आणि वीस मिनिटांनी पुन्हा वर. दीडला हौदावर हिमालय उगवतो की काय?

सर्जेरावांना विचारलं, "चार नंबर नीट ठेवता ना?"

"माझ्याजवळच असतंय मॅडम. काळजी नको."

"मग यंत्रच बिघडलंय," मी म्हटलं. एवढ्या जबाबदारीनं बिघडलेलं यंत्र सांभाळणारा माणूस मी पाहिला नाही. पुरवठादाराला पत्र लिहिलं. समितीच्या फाइललाही प्रत लावली: चार नंबर सदोष, आकडे ग्राह्य धरू नयेत.

११ एप्रिल

फवाऱ्याचे पंखे लावून बघितले. दोन दिवस भाड्यानं. विक्रेता सांगत होता, मॅडम, महाबळेश्वर वाटेल. तीन अंश कमी झाले, हे खरं. पण लोक इतिहास ऐकायचा सोडून पंख्यासमोर केस उडवत फोटो काढत बसले. एक आजोबा ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचले. आणि संध्याकाळी बघते तर उत्तरेच्या भिंतीच्या चुन्याला ओल धरून पापुद्रे सुटलेले! तीनशे वर्षं उभी असलेली भिंत मी अठ्ठेचाळीस तासांत सोलली. पंखे परत पाठवले.

सर्जेराव भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "हिला पाण्याची सवय न्हाई." मला म्हणाले की भिंतीला, कळलं नाही. मी भडकलेच होते, आत निघून गेले.

१६ एप्रिल

कायमस्वरूपी मांडवाचा आराखडा नामंजूर. अपेक्षित होतं. आवारात खड्डा खणायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, भिंतीला दोरी बांधायची नाही. मग सावली काय फुग्यांना टांगू? वास्तुतज्ज्ञांना फोन केला तर ते म्हणाले, नवीन आराखड्याला दोन महिने लागतील. दोन महिन्यांनी पुण्यात सावली फुकट मिळते, म्हटलं.

आज अगदी हात टेकले. कूलरसमोर बसून सहा कप चहा प्यायले.

१८ एप्रिल

देव आहे. आणि त्याचा मंडपाचा धंदा आहे.

शंभू म्हणून मंडपवाले आहेत, नाना पेठेत गोदाम. लग्नाच्या मांडवाचं माप घ्यायला शेजारच्या कार्यालयात आले होते, मी हाक मारली. त्यांनी अंगणात एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं.

"खड्डा कशाला पाहिजे?"

"खड्ड्याशिवाय वासे उभे कसे राहणार?"

"ताई, गणपतीत आम्ही काँक्रीटच्या रस्त्यावर मांडव टाकतो. खड्डा खणला तर महापालिका दंड करते. ड्रममध्ये वाळू भरायची, वासा त्यात उभा करायचा. सुतळीनं बांधायचं. एक खिळा नाही." मग वर बोट दाखवून म्हणाले, "पण कापड एकच टाकलंत तर खाली भट्टी होईल. दोन थर टाकायचे, मधे हातभर फट ठेवायची. वरचं तापतं, खालचं नाही."

मी दोन आठवडे अहवाल वाचते आहे आणि हे ज्ञान नाना पेठेत सुतळीच्या बंडलावर बसलेलं होतं. तज्ज्ञांनी 'दुहेरी आच्छादन' म्हणून चार पानं लिहिलीत तेच हे. समितीकडून तात्पुरत्या मांडवाची परवानगी दुपारीच घेतली.

२२ एप्रिल

मांडव उभा राहिला! चौथऱ्यासमोर, जिथे लोक ऐकायला उभे राहतात बरोबर तिथे. दोन नंबर आत टांगलं. बाहेर एक्केचाळीस, आत साडेपस्तीस. ओवरीत छत्तीस. एक कुटुंब चक्क वीस मिनिटं थांबलं, आजीबाईंनी प्रश्न विचारले. मी केबिनच्या खिडकीतून बघत होते आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

फक्त एक गोष्ट खटकली. सर्जेराव अजून चौथऱ्यावरच उभे राहतात, उन्हात. म्हटलं, "अहो, तुम्ही पण आत या की."

तर म्हणाले, "आत अंधारात मी दिसणार कसा मॅडम? आन बघा, लोकांच्या डोळ्यावर ऊन आलं की ते ऐकत न्हाईत, पळत्यात. म्हणून मी त्यांना सावलीकडं करतो आन ऊन आपल्याकडं घेतो. एकोणीस वर्षं हेच करतोय."

आहेच हट्टी. मी नाद सोडला. लोक सावलीत आहेत ना, मग झालं तर.

चार नंबर आज सत्तेचाळीस. दुसरं पत्र धाडलं.

२८ एप्रिल, मंगळवार

साप्ताहिक सुट्टी. काल सर्जेराव चार नंबर परत द्यायला विसरले, घरी घेऊन गेले. आज फोन करून सांगितलं. विसरतात हल्ली. आणि गंमत म्हणजे संध्याकाळी त्यांनीच फोनवर आकडा वाचून दाखवला, बत्तीस. म्हणजे फुरसुंगीत ते शहाण्यासारखं चालतं, हत्तीखान्यात आलं की चळतं. माझ्यासारखंच आहे.

३० एप्रिल

आज वैताग आला. एका पर्यटकानं वहीत तक्रार लिहिली: मार्गदर्शक आधी चौदा हत्ती म्हणाले, मग अठरा म्हणाले, आणि मधेच गप्प होऊन हौदाच्या काठावर बसले. एकोणीस वर्षांत या माणसाचा आकडा कधी चुकला नव्हता. आता, जेव्हा पंधरा दिवसांत त्यांच्याच जागेचा निकाल लागायचाय, तेव्हा चुकायचं? मी कुणासाठी जीव काढते आहे?

बोलावून घेतलं. जरा जास्तच बोलले. म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? आले ते टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभे. म्हणाले, "डोकं जरा जड होतं मॅडम. होतंय, होतंय बरं." पाणी दिलं तर अर्धा तांब्या एका दमात प्यायले. मग मला थोडं वाईट वाटलं, पण लेखी समज दिलीच. फाइलला काहीतरी लागतं.

२ मे

सर्जेरावांच्या बायको, बायडाबाई, डबा आणि ताकाची बाटली घेऊन थेट केबिनमध्ये. फुरसुंगीहून दोन बस बदलून! बाई दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात.

"ताई, त्यांना जरा सावलीत उभं करा. रातच्याला पोटऱ्या वळत्यात त्यांच्या. जेवत न्हाईत."

म्हटलं, "अहो, मी कुठे अडवलंय? मांडव त्यांच्यासमोरच घातलाय. त्यांनाच आत यायचं नसतं."

"तुम्ही सांगितलं तर ऐकतील. माझं न्हाई ऐकत."

मी सांगते म्हटलं. मग पुरवठादाराचा फोन आला आणि राहिलंच. तो म्हणे, तुमचं चार नंबर आम्ही आकड्यांवरून तपासलं, यंत्र उत्तम आहे. उत्तम! सत्तेचाळीस अंश सावलीत! तिसरं पत्र, जरा कडक शब्दांत.

अहवाल जवळजवळ तयार आहे. पाच यंत्रं, चार नंबर बाद. सरासरी थांबण्याचा वेळ सात मिनिटांवरून एकवीस. जिंकलो, बहुतेक.

४ मे

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सर्जेराव चौथऱ्यावरून पडले.

मी धावले. अंगाला हात लावला तर भाजलं. घाम नव्हता, एक थेंब नाही. अंग कोरडं ठक्क, डोळे अर्धे उघडे, आणि बडबडत होते, "अठरा... न्हाई, चौदा..." मांडवातल्या लोकांनी बाटल्यांमधलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. समोरच्या रसवंतीवाल्यानं बर्फाची अख्खी लादी आणून दिली. रिक्षात मी काखेत बर्फ धरून बसले होते आणि रिक्षावाला सिग्नल तोडत होता.

उष्माघात. मूत्रपिंडावर परिणाम झालाय, दोन दिवस काही सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर.

नर्सनं त्यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. टोपी, घड्याळ, ओळखपत्र. ओळखपत्राचं पाकीट जाड लागलं म्हणून उलटं केलं. कार्डाच्या मागे, पाठीला पाठ लावून, चार नंबर होतं.

५ मे, मंगळवार

काही लिहायची इच्छा नाही. सर्जेराव शुद्धीवर आहेत. डायलिसिस करावं लागेल की नाही ते उद्या कळेल.

७ मे

डायलिसिस टळलं. बायडाबाई बाकावर बसून रडल्या आणि मग मला ताक दिलं.

दुपारी केबिनमध्ये चार नंबरचे महिन्याभराचे आलेख उघडले. ज्याला मी महिनाभर शिव्या दिल्या तो सर्जेरावांचा दिवस होता. सकाळी दहाला पहिली फेरी, चढ. फेऱ्यांच्या मधे ओवरीत टेकले, उतार. परत फेरी, परत चढ. दीड वाजता बत्तीस, वीस मिनिटं. ते डबा खायला माझ्या केबिनमध्ये यायचे, कूलरसमोर. मी समोरच असायचे! त्यांच्या गळ्यातलं ते कार्ड टेबलाच्या कडेला टकटक आपटायचं, आणि मी त्याच टेबलावर बसून लिहीत असायचे की चार नंबर सदोष आहे.

मूर्ख आहे मी. दुसरा शब्द नाही.

१० मे

आज स्वतः चौथऱ्यावर गेले. बारा वाजता, चार नंबर गळ्यात घालून. सर्जेरावांना येतो तेवढा इतिहास मला येत नाही, पण तीस जण मांडवात उभे होते आणि त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

दगडाची धग चपलेतून वर येते. समोरच्या भिंतीवरून ऊन परत तोंडावर येतं. दहाव्या मिनिटाला माझे शब्द अडखळायला लागले. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण इकडे या ना सावलीत." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग मी तुम्हाला दिसणार कशी?"

सतरा मिनिटं टिकले. ते दिवसाला आठ वेळा उभे राहायचे, अर्धा-अर्धा तास.

अहवाल पुन्हा लिहायला घेतला. चार नंबर आत.

१५ मे, शुक्रवार

बैठक. साडेबारा वाजता, आमच्याच कार्यालयात, खिडक्या बंद, कूलर चालू.

मी सगळं सांगितलं. प्लास्टिकच्या पाकिटात असल्यानं आकडा थोडा फुगला असेल, तेही मान्य केलं. म्हटलं, पर्यटक आता सुखात आहेत, पण त्या सुखाची किंमत एक माणूस उन्हात उभा राहून देतो. तो आकडा वगळून अहवाल देणं म्हणजे खोटं बोलणं आहे.

गोपाळकृष्ण सरांनी फाइल उघडली. माझी तीन पत्रं एकेक करून बाजूला काढली. "पद्मजाबाई, चार नंबर सदोष, असं तुम्हीच लिहिलंय. एकदा नाही, तीनदा. शिवाय आपला विषय पर्यटकांच्या सोयीचा आहे, कर्मचाऱ्यांच्या नाही. बाकीचे आकडे उत्तम आहेत. चार नंबर वगळा, हत्तीखाना चालू ठेवू. तुमचंच म्हणणं पूर्ण होतंय की. सर्जेराव बरे झाले की येतील पुन्हा उभे राहायला."

जे मागायला दीड महिना धडपडले ते समोर ताटात वाढून ठेवलेलं. आणि माझ्याच हस्ताक्षरातली तीन पत्रं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पर्समधून चार नंबर काढलं आणि सरांसमोर ठेवलं.

म्हटलं, "सर, हे गळ्यात घाला आणि माझ्याबरोबर चौथऱ्यावर चला. सदोष असेल तर तिथेच कळेल. दहा मिनिटं फक्त."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. "आत्ता? आत्ता नको हो. ऊन आहे."

मी विचारलं, "सर, हे वाक्य इतिवृत्तात घ्यायचं का?"

सर लाल झाले, चष्मा पुसला, पत्रं परत फाइलमध्ये ठेवली. मग म्हणाले, "घ्या. आणि खाली लिहा, एप्रिल-मेमध्ये बारा ते चार चौथऱ्यावर कुणी उभं राहणार नाही. चौथऱ्यावरही तो दुहेरी मांडव घाला. सर्जेरावांची जागा आहे तशीच राहील." चहा न पिता निघून गेले.

शंभूंना फोन केला. तासाभरात माणसं आणि चार ड्रम घेऊन हजर. म्हणाले, "ताई, हे तर मी पहिल्या दिवशीच विचारणार होतो, बोलणाऱ्याच्या डोक्यावर काहीच का नाही ते. पण म्हटलं, तुमच्या नकाशात नसेल."

१९ मे, मंगळवार

फुरसुंगीला जाऊन आले. सर्जेराव घरी आलेत. निम्मे झालेत, पण आवाज तोच. डॉक्टरांनी पावसाळा लागेपर्यंत बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलंय. जागा शाबूत आहे म्हटल्यावर मान हलवली, आणि लगेच काल किती लोक आले ते विचारलं.

चार नंबर त्यांना द्यायला नेलं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्यांनी ते हातात घेतलं आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. छोट्या पडद्यावर एकतीस.

मी म्हटलं, "सर्जेराव, हे बिघडलेलं नव्हतंच. तुम्ही मला दाखवायचंत ना, सेहेचाळीस-सत्तेचाळीस दिसत होतं ते."

"दिसायचं की रोज. पण तुम्ही म्हणला बिघडलंय." त्यांनी खिळ्यावरचं यंत्र सरळ केलं. "मला डोकं गरगरायचं, डोळ्यापुढं अंधारी यायची. मग मी ह्याच्याकडं बघायचो. म्हणायचो, हे बिघडलंय, मग आपल्याला वाटतंय ते पण तसलंच असंल."

मी हातातला ताकाचा पेला रिकामा केला. बायडाबाईंनी आणखी हवं का, विचारलं.